शांत सर

सोमवार, ४ मार्च

आजपासून लिहून ठेवणार आहे. घरात आणि कामावर मला विसराळू ठरवायचा घाट घातला गेलाय, म्हणून. काल बायको म्हणाली, "अहो, लेक या शनिवारी येणार नाही, परवाच नव्हतं का सांगितलं?" नव्हतं सांगितलं. सांगितलं असतं तर मला आठवलं असतं. तिकडे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये धाकटा भाऊ म्हणतो, "दादा, दोन नंबरच्या गाडीचा क्लच घासतोय, कितीदा बोललो तुला." एकदाही बोललेला नाही. आता जे होईल ते त्याच दिवशी कागदावर. मग बघू कोण विसरतं.

पंचावन्न वय, दात शाबूत, चष्मा फक्त वाचायला. झोप तर राजाची. उशीला डोकं टेकलं की मी गेलोच, ते सकाळी गजर कोकलेपर्यंत. माझ्या वयाचे लोक गोळ्या खाऊन कूस बदलत पडतात. अशा माणसाचं डोकं बिघडलंय म्हणे.

लेक नोकरीसाठी परगावी गेली तशी बायको तिच्या खोलीत झोपायला लागली. कारण काय, तर मी घोरतो. घोरत कोण नाही? इतकी वर्षं चाललं, आता खुपायला लागलं. बरं, जाते तर जाऊ दे, पण स्वतःच्या खोलीचंही दार उघडं ठेवते आणि माझ्याही. संसार नाही, पाळत आहे.

बुधवार, ६ मार्च

आज नवी शिकाऊ आली. पन्नाशीच्या बाई, शाळेच्या वाचनालयात कामाला. नवरा मागच्या वर्षी गेला. त्याची निळी गाडी दारात तशीच उभी आहे, म्हणून मी त्यांचं नाव निळ्या गाडीच्या बाई ठेवलं.

मी विचारलं, "याआधी कधी स्टिअरिंग धरलंय?"

"धरलं होतं. पुसायला," त्या म्हणाल्या. "हे म्हणायचे, तू गाडीत मागे बस, पुढे बसलीस की मला तुझीच भीती वाटते."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

सगळ्यांना सांगतो ते त्यांनाही सांगितलं. आमच्या गाडीत शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर, मी शेजारी. माझ्या पायाशी वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक. तुम्ही कितीही घोळ घाला, माझा पाय आहे. त्यांनी वाकून माझ्या पायाजवळचे ते दोन पेडल नीट पाहिले, देवळात पाहावं तसे. मग गाडी सुरू केली आणि तीन वेळा बंद पाडली. चौथ्यांदा निघाल्या.

शनिवार, ९ मार्च

आज एक गोष्ट लक्षात आली, आणि ती लिहून ठेवण्यासारखी आहे. धाकटा शिकवताना सारखा ओरडतो. डावीकडे घ्या, ब्रेक, ब्रेक, अहो ब्रेक! आमचं स्कूल आम्हा दोघा भावांचं, पण त्याच्या गाडीतून उतरणारा प्रत्येकजण घामाघूम असतो. माझी पद्धत वेगळी आहे. मी गप्प बसतो. शिकणाऱ्याला स्वतः ठरवू देतो. अलीकडे तर इतका गप्प असतो की पेट्रोल पंपावरून निघालो की एकदम ऑफिसच येतं.

कॉलेजातला एक मुलगा परवा धाकट्यालाच म्हणाला, "आम्हाला शांत सर द्या." शांत सर! धाकट्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

बुधवार, १३ मार्च

सकाळी उठलो तेच डोकं ठणकत होतं. रोजचंच झालंय. बायकोने नवी उशी आणली तेव्हापासून. तिला सांगितलं तर म्हणते, "उशी तीन वर्षांपूर्वीची आहे." घ्या.

किल्ल्या सापडेनात. सगळं घर पालथं घातलं. शेवटी फ्रीजमध्ये निघाल्या, दुधाच्या पिशवीशेजारी. मी तिला म्हटलं, "ही काय थट्टा?" तर माझ्याकडे असं बघितलं की मीच ठेवल्यात. मी बोललो तिला. जरा जास्तच बोललो. तिच्या आईपर्यंत गेलो. ती पाळणाघरात कामाला जाते, दिवसभर परक्यांची पोरं सांभाळते, तिथल्या बायका कान भरत असणार. ती चप्पल घालून निघून गेली. चहा टेबलावर तसाच.

ऑफिसात धाकट्याने नवं पिल्लू सोडलं. "दादा, तू जरा ऑफिस बघ ना. नियमांचा वर्ग तू घे. गाडीवर मी आणि एखादा नवा माणूस." म्हणजे मी खुर्चीत बसून सिग्नलच्या पाट्या दाखवायच्या, आणि हा गाड्या घेऊन फिरणार. शेंबूड मी पुसलाय याचा. मी म्हटलं, "बघू." मनात म्हटलं, बघशीलच.

गुरुवार, १४ मार्च

निळ्या गाडीच्या बाई आज चढावर गाडी मागे न घसरता निघाल्या. हँडब्रेक, हाफ क्लच, सगळं बरोबर, आणि मी त्यांना म्हटलं की आता पुढच्या आठवड्यात बाजारातल्या रस्त्यावर आपण जर का तुम्ही

मंगळवार, १९ मार्च

वरचं वाक्य अर्धं राहिलं आहे. फोन आला असेल.

आज कामावरून येताना घराची गल्ली मागे राहिली. नदीच्या पुलापर्यंत गेलो तेव्हा ध्यानात आलं. विचारात होतो. माणसाने विचारही करू नये का? पुलावर मागून कोणीतरी एवढा हॉर्न वाजवत होता की उतरून दोन शब्द सुनावले. तो म्हणाला, "काका, गाडी दोन्ही लेनमधून चालवताय." आजकालची पोरं. शिकवायला निघालेत, तेही कोणाला!

जेवताना बायको म्हणाली, "एकदा डॉक्टरला दाखवू या का?"

"कशासाठी?"

"तुम्ही फार थकलेले दिसता."

"थकायला झोप कमी लागते. मी तुझ्या दुप्पट झोपतो."

"हो ना," ती म्हणाली. "रविवारी दुपारीही झोपलात, बोलता बोलता." म्हणजे आता झोपलो तरी गुन्हा.

मंगळवार, २६ मार्च

निळ्या गाडीच्या बाईंची प्रगती चांगली आहे. बाजारातला रस्ता, उलटी गाडी लावणं, सगळं जमायला लागलंय. गाडीशी बोलतात, तेवढं एक आहे. "ये गं, ये, घाबरू नकोस," असं गिअरला सांगतात. पुढच्या महिन्यात परीक्षेला बसवायचं म्हणतोय.

आज म्हणाल्या, "सर, तुम्ही बोलत नाही ते फार बरं वाटतं. तुम्ही गप्प आहात म्हणजे माझं बरोबर चाललंय, असं मी धरून चालते."

मी म्हटलं, "तसंच धरा."

"आमच्या घरी कोणी असं गप्प बसलंच नाही कधी," त्या म्हणाल्या. लायसन्स मिळालं की पहिल्यांदा एकट्या बहिणीकडे जाणार आहेत. तीन तासांचा रस्ता. बहिणीला सांगितलेलं नाही. दारात जाऊन हॉर्न वाजवणार.

मंगळवार, २ एप्रिल

आज धाकट्याशी वाजलं. ऑफिसात, सगळ्यांसमोर.

तो म्हणाला, "दादा, काल स्टेशनच्या सिग्नलला मी तुझ्या मागेच होतो. सिग्नल हिरवा झाला, पोरगं गाडी सुरू करेना, आणि तुझी मान खाली. तू झोपला होतास."

"आरशात बघत होतो."

"आरसा वर असतो."

मग माझा तोल गेला. म्हटलं, तुला स्कूल हवंय ना एकट्याला? सरळ सांग. वडील गेले तेव्हा शाळा सोडून ट्रकवर क्लीनर म्हणून कोण गेलं? तुझ्या पाठीवर दप्तर कोणी ठेवलं? आज मला खुर्चीत बसवतोस? आणखीही बोललो. त्याला मूलबाळ नाही, त्यावरून. ते बोलायला नको होतं. पण त्यानेही "झोपला होतास" म्हणायला नको होतं, भरल्या ऑफिसात.

तो म्हणाला, "दादा, एक आठवडा सुट्टी घे. पाया पडतो."

मी उद्याचे दोन जादा शिकाऊ माझ्या नावावर लिहून घेतले.

गुरुवार, ११ एप्रिल

एका हाताने कपाळावर बर्फ धरलाय. तरी लिहितो, कारण हेच लिहून ठेवायला हवं.

सकाळची वेळ. निळ्या गाडीच्या बाई स्टिअरिंगवर. पेट्रोल पंपावरून निघालो, छान चालल्या होत्या. चौकात औषधाच्या दुकानासमोर एक म्हातारे गृहस्थ फुटपाथवरून खाली उतरले. बाईंनी त्यांना धडक दिली. फार जोराची नाही, पण म्हातारं माणूस. खाली पडले ते उठलेच नाहीत. खुब्याचं हाड मोडलं. माझं कपाळ समोर आपटलं, टेंगूळ आलंय.

मला स्पष्ट आठवतंय की माझा पाय ब्रेकवर होता. मी दाबला. बाईंनी घाबरून ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला असणार. शिकाऊंचं नेहमीचं आहे. पेट्रोल पंप मला आठवतो, पंपावरचा पाइप धरून उभा असलेला माणूस आठवतो, मग ते गृहस्थ, त्यांची उडालेली टोपी. मधला रस्ता रोजचाच आहे, तो कशाला लक्षात राहील.

बाई गाडीतून उतरून रस्त्यावर बसल्या आणि त्या गृहस्थांचं डोकं मांडीवर घेतलं. माझ्याकडे बघून सारखं एकच म्हणत होत्या, "सर? सर?" मला काय विचारताय? चालवत तुम्ही होतात.

शनिवार, १३ एप्रिल

पोलिसांकडे जबाब झाला. जाण्याआधी धाकट्याने मला ऑफिसच्या मागे नेलं. तिथे कोणी नव्हतं.

"दादा, एकच विचारतो. तुझा पाय ब्रेकवर होता?"

"होता."

"रस्त्यावर टायरची एकही खूण नाही."

"मग माझा ब्रेक लागला नसेल. दोन नंबरची गाडी, तूच म्हणत होतास खराब आहे."

"क्लच म्हणत होतो," तो म्हणाला. बुटाने खाली पडलेला नट बाजूला सारला. मग म्हणाला, "ठीक आहे. तू होता म्हणतोस तर होता."

चौकीत जाऊन त्यानेही तेच सांगितलं. आमच्या शिक्षकाने ब्रेक दाबला, शिकाऊ बाईंनी घाबरून अ‍ॅक्सिलरेटर. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "दाबला असेन. मला नीट सांगता येत नाही. चूक माझीच." त्यांचं शिकाऊ लायसन्स काढून घेतलं. बाहेर त्या गृहस्थांची मुलगी उभी होती. ती बाईंच्या अंगावर धावली, "या वयात हे धंदे सुचतात कसे तुम्हाला?" बाईंनी हात जोडले. मी मध्ये पडलो नाही. आपण बोललो की वाढतं.

घरी आलो तर बायको दारातच उभी होती. म्हणाली, "तुम्ही झोपला होतात का हो?" मी आत जाऊन वाढून ठेवलेलं ताट भिंतीवर फेकलं. आजवर कधी असं केलं नव्हतं.

सोमवार, २२ एप्रिल

टेंगूळ उतरलं तरी डोकं दुखायचं थांबेना, म्हणून डॉक्टरकडे गेलो. बायको बरोबर. बाहेर बाकावर बसलो होतो, डोळे जरा मिटले असतील. उघडले तर समोर डॉक्टर, शेजारी त्यांची मदतनीस, आणि रांगेतले सगळे माझ्याकडे बघताहेत. एक लहान मूल हसत होतं.

डॉक्टर म्हणाल्या, "तुम्हाला तीन वेळा बोलावलं. मग मीच बाहेर येऊन ऐकत उभी राहिले." डॉक्टर माझ्या लेकीपेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठ्या असतील.

आत गेल्यावर डोक्याबद्दल काही विचारलंच नाही. वाचताना झोप येते का? टीव्हीसमोर? कोणाच्या गाडीत बसल्यावर? बोलता बोलता? सकाळी डोकं दुखतं? तोंड कोरडं पडतं? चिडचिड? गोष्टी विसरता? मी म्हटलं, "झोप तर मला कुठेही येते. देवाची देणगी आहे."

"ज्याचं पोट भरलेलं असतं तो दिसेल त्या ताटावर बसत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही उपाशी आहात. झोपेचे. बरीच वर्षं."

मी उठलो. असल्या पोरकट बोलण्याचे पैसे मोजायचे म्हणजे कमाल आहे. बायको मात्र बसून राहिली. तिने पर्समधून फोन काढला आणि म्हणाली, "डॉक्टर, हे ऐका. मी महिन्यापूर्वी घेतलंय."

फोनमधून आधी घोरणं आलं. ते ठीक आहे. मग एकदम शांत. काहीच नाही. मी म्हटलं, संपलं का? बायको म्हणाली, "नाही. थांबा." आणखी काहीच नाही. डॉक्टर घड्याळाकडे बघत होत्या. मला स्वतःलाच श्वास घ्यावासा वाटायला लागला. आणि मग असा आवाज आला की जणू कोणाला तरी पाण्याबाहेर ओढून काढलंय. मग पुन्हा घोरणं. मग पुन्हा शांत.

"रात्रभर असंच," बायको म्हणाली. "मी दारं उघडी ठेवून पडते. आवाज थांबला की उठून बसते, परत सुरू होईपर्यंत. यांना सांगितलं की म्हणतात, तुला माझा कंटाळा आला."

डॉक्टरांनी मला नीट समजावलं. झोपेत माझा घसा मिटतो, श्वास अडतो. मेंदू हलवून जागं करतो, श्वास सुरू होतो, पुन्हा मिटतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. मला वाटतं मी झोपलो. "तुम्ही फक्त आडवे असता," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "काम काय करता?"

बायकोने सांगितलं. मी खिडकीबाहेर बघत होतो.

सोमवार, २० मे

मध्ये लिहिलं नाही. इस्पितळात एका रात्रीची तपासणी झाली, डॉक्टर म्हणत होत्या तेच निघालं. आता नाकावर मास्क, त्याला नळी, नळीच्या टोकाला रेडिओएवढं यंत्र. ते रात्रभर घशात हवा ढकलतं. पहिल्या रात्री हत्तीची सोंड लावून झोपल्यासारखं वाटलं. पण आठवडा झाला, डोकं दुखत नाही. सकाळी उठलो आणि खिडकीतून समोरच्या घराच्या पायऱ्या दिसल्या, त्यांच्या कडा दिसल्या. मी किती वर्षं काच न पुसता बघत होतो कोण जाणे.

बायकोला म्हटलं, "झोप म्हणजे हे असतं होय?"

ती म्हणाली, "मला आता आठवत नाही."

शनिवार, २५ मे

आज पेट्रोल पंपापासून चौकापर्यंत चालत गेलो. ठरवून गेलो नव्हतो, पाय गेले.

पंपावरून निघालं की उजवीकडे लाकडाची वखार लागते. मग शाळा, तिच्यासमोर मोठा गतिरोधक. असा की गाडी कितीही हळू नेली तरी माणूस सीटवरून उडतो. मग लांब वळण. मग दवाखान्याची भिंत, भिंतीबाजूला रिक्षांची रांग. मग पाण्याच्या टाकीजवळ दुसरं वळण, आणि मग कुठे तो चौक.

यातलं मला काहीही आठवत नाही. त्या दिवशीचं नाही. गतिरोधकावर उडाल्याचंही नाही. पंप, आणि मग टोपी. मधला एवढा रस्ता त्या बाईंनी एकटीने चालवला. माझ्या शेजारी. माझ्याशिवाय.

औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. दुकानदाराने पाणी आणून दिलं, म्हणाला, "चक्कर आली का?" मी मान हलवली. काय सांगणार, की आता कुठे शुद्धीवर आलोय?

मंगळवार, २८ मे

बायकोला सगळं सांगितलं. ती पाळणाघरातल्या पोरांचे रुमाल घडी घालत होती. घडी घालायची थांबली नाही. म्हणाली, "मला माहीत होतं."

"मग ओरडून का नाही सांगितलंस?"

"ताट कोणी फेकलं होतं?"

मी विचारलं, आता घोरणं थांबलंय, खोलीत परत येशील का. ती म्हणाली, "बघू." माझाच शब्द, माझ्याच सुरात.

दुपारी धाकट्याकडे गेलो. तो गाडीखाली होता. मी वाकून म्हटलं, "मी झोपलो होतो रे." बराच वेळ पान्याचाच आवाज येत राहिला. मग तो बाहेर आला, हात पुसले.

"प्रकरण मिटलंय दादा. म्हातारेबुवा वॉकर घेऊन चालायला लागलेत. आता तू जाऊन खरं सांगितलंस तर स्कूल बंद. माझं नाव खोट्या जबाबात. चार माणसांची पोटं यावर आहेत."

"आणि त्या बाई?"

"त्या कुठे तक्रार करताहेत?"

"तुला माहीत होतं तेव्हा?"

"मी तुला विचारलं होतं," तो म्हणाला. आवाज चढला नाही, ते जास्त लागलं. "देवाशपथ सांगतो, मला वाटलं होतं तू नाही म्हणशील. तू हो म्हणालास. मोठा भाऊ तू. मी काय करायचं होतं?" मग पाना उचलला. "आता झोप लागते ना तुला? मग झोप."

मंगळवार, ४ जून

काल पोलिसांकडे जाऊन जबाब बदलला. अधिकारी वैतागला. "काका, झोपलेलं प्रकरण कशाला उठवता?" त्याला त्यात विनोद वाटला. मी म्हटलं, लिहून घ्या. त्याने लिहून घेतलं. माझं शिकवायचं लायसन्स जाणार, स्कूल तूर्त बंद, धाकट्यालाही बोलावणं येईल. त्या गृहस्थांच्या मुलीलाही भेटलो. तिने दारातच ऐकून घेतलं. म्हणाली, "मी त्या बाईंना काय काय बोलले. रोज इस्पितळात यायच्या त्या. बाबांना पेपर वाचून दाखवायच्या. मी त्यांना जिन्यातून हाकलून दिलं एकदा." मग दार लावून घेतलं.

धाकट्याने दुपारी ऑफिसची पाटी स्वतः उतरवली. मी शिडी धरायला गेलो. म्हणाला, "राहू दे. तू धरलीस तर मी वर जाणार नाही." आजूबाजूचे हसले. त्यांना गंमत वाटली. त्याने माझ्याकडे पाठ फिरवली आणि एकट्यानेच पाटी खांद्यावर घेऊन गेला.

बुधवार, १२ जून

आज निळ्या गाडीच्या बाईंकडे गेलो. आधी जायला हवं होतं, पण म्हटलं कागदोपत्री होऊ दे, म्हणजे हातात काहीतरी घेऊन जाता येईल. लायसन्स परत मिळेल, नावावर डाग राहणार नाही, हे सांगायचं होतं. खरं लिहितो, वाटेत मला वाटत होतं की त्या रडतील, मी मान खाली घालीन, आणि त्या म्हणतील जाऊ द्या सर.

दारात गाडी नव्हती. जमिनीवर तिच्या आकाराचा उघडा चौकोन होता, कडेने गवत. मागच्या महिन्यात विकली, शेजारी म्हणाले.

बाईंनी दार उघडलं. आधी ओळखलं नाही. मग "या" म्हणाल्या. खुर्ची दाखवली, त्या खुर्चीवर धुतलेले कपडे होते. ते उचलून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि तसेच घेऊन परत आल्या. डोळ्यांखाली काळं. घरात काहीतरी जळत होतं. मी म्हटलं, "गॅसवर काही आहे का?" त्या धावत गेल्या. भांडं उतरवून आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही कधी आलात?"

मी सगळं सांगितलं. माझी झोप, यंत्र, चालत गेलेला रस्ता, नवा जबाब. मी बोलत असताना त्यांची पापणी दोनदा मिटली आणि डोकं झटकल्यासारखं करून त्यांनी ती उघडली. मला आता ते ओळखता येतं. आता मला सगळ्यांचं ओळखता येतं.

त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला हाक मारली होती, सर. वळणावर. तिथे एक टेम्पो मागे येत होता. मी विचारलं, थांबू की जाऊ? तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, बरोबर चाललंय. चौकातही मारली होती."

"जबाबात का नाही सांगितलंत?"

"तुमच्या भावाला सांगितलं होतं. ते म्हणाले, आमचा दादा तसा माणूस नाही." मग म्हणाल्या, "आणि मलाही वाटलं नव्हतं. तुम्ही एकटेच होता ज्यांनी मला ओरडून काही सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, यांचा माझ्यावर विश्वास आहे."

मी म्हटलं, "तुम्ही चांगलं चालवता. तो सगळा रस्ता तुम्ही एकटीने नेला होतात. परत शिका. दुसऱ्या कोणाकडे तरी."

"बसून पाहिलं मी," त्या म्हणाल्या. "बहिणीच्या नवऱ्याच्या गाडीत. रस्त्याकडे बघताच येईना. शेजारचं माणूस जागं आहे का, तेच सारखं बघत होते. दहा पावलं गेली असेल गाडी. मग विकून टाकली आमची."

"तुम्हाला झोप लागत नाही," मी म्हटलं. "मला दिसतंय. एक डॉक्टर आहेत, चांगल्या आहेत, मी त्यांचा पत्ता..."

तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. "सर, तुमचा घसा मिटत होता. तुम्हाला यंत्र मिळालं. माझे डोळे मिटले की ते आजोबा फुटपाथवरून खाली उतरतात. याला काय लावणार त्या?"

पत्त्याचा कागद मी टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलून माझ्या हातात परत दिला, रागाने नाही, कोणी काही विसरून चाललं की देतात तसा. मग म्हणाल्या, "मला कामावर जायचंय," आणि दार उघडून धरलं.

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. ऊन होतं, गाडी भरलेली होती, माझ्या शेजारचा माणूस बसल्याबरोबर पेंगायला लागला आणि त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी खांदा हलवला नाही. घरापर्यंत टक्क जागा होतो.